मागे दोन स्पीकर वाढवले आणि बेस गेला: ठाण्यातल्या एका गाडीचं प्रकरण

घोडबंदर रोडला ओवळ्याजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या गाडीची ही हकीकत. स्टिरिओला घरच्या घरी जादा स्पीकर जोडायला निघालेल्यांना तिचा उपयोग होईल, म्हणून त्याला विचारून सविस्तर लिहितोय. गाडी सात वर्षं जुनी हॅचबॅक, मधलं व्हेरिएंट. कंपनीने पुढच्या दोन दारांत स्पीकर दिलेले. मागच्या दारांच्या पॅडला जाळी आहे, पण जाळीमागे नुसता पत्रा. मूळचा साधा डेक काढून त्याने बाहेरून टचस्क्रीनचं युनिट बसवून घेतलं होतं.

जादा स्पीकर हवे होते ते मावशीसाठी. ती कायम मागे बसते. टिटवाळ्याला किंवा वसईला नातेवाइकांकडे जाताना तिला अभंग ऐकायचे असतात आणि घोडबंदरच्या रस्त्यावर मागच्या सीटला चाकांचा, शेजारून जाणाऱ्या कंटेनरचा एवढा आवाज येतो की पुढच्या दारातलं गाणं तिच्यापर्यंत शब्दांनिशी पोचतच नाही. ती म्हणायची, "आवाज वाढव रे." आवाज वाढवला की पुढे बसलेल्यांना नकोसं व्हायचं. गरज एवढीच होती: पुढचा आवाज आहे तेवढाच ठेवून मागे नीट ऐकू यावं. कोणता उपाय घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे पुढे याच गरजेवरून ठरलं.

भावाने सहा बाय नऊ इंची ओव्हल स्पीकरची जोडी आणली. खोक्यावर ठळक अक्षरात 400 वॉट. डिकीवरचा पार्सल ट्रे कापून त्यात ते बसवले. वायर आणायची कुठून, हा प्रश्न त्याने बहुतेक लोक सोडवतात तसाच सोडवला. डॅशबोर्ड उघडायचा नको म्हणून पुढच्या दाराशी, पायाजवळचं प्लास्टिक काढलं, दारातल्या स्पीकरकडे जाणाऱ्या दोन वायरी सोलल्या, त्यांना नवी वायर पिळून टेप मारली आणि ती उंबऱ्याच्या पट्टीखालून डिकीपर्यंत नेली. दोन्ही बाजूंना तेच. सुट्टीच्या एका दुपारी काम झालं आणि गाणं वाजलंसुद्धा.

त्रास नंतर सुरू झाला. हळू आवाजात सगळं ठीक. मोठ्याने लावलं की पाचदहा मिनिटांत आवाज बंद पडायचा, थोड्या वेळाने आपोआप परत यायचा. युनिटच्या कडेला हात लावला तर चटका बसावा इतकं ते तापायचं. पावसात आणखी एक गोष्ट दिसली: गाडी सुरू करताक्षणीच स्क्रीनवर 'प्रोटेक्ट' असं यायचं आणि काहीच वाजायचं नाही. तिसरी तक्रार मावशीची. ती म्हणाली, "आता ऐकू येतंय, पण भजन पोकळ वाटतंय. मृदंग कुठे गेला?"

एका दुकानात दाखवलं तर सल्ला मिळाला की युनिट कमजोर आहे, अँप्लिफायर लावा. भावाची खर्चाला तयारी होती. तेवढ्यात माझ्याशी बोलणं झालं. मी त्याला म्हटलं, "अरे, खिशात हात घालण्याआधी मीटर लावून बघू." मला त्या सगळ्यात मावशीचं वाक्य सर्वांत मोलाचं वाटलं. युनिट कमजोर असतं तर आवाज मोठा करताना फाटला असता. मृदंगाचा खर्ज तेवढा गायब आणि चाटीचा आवाज, टाळ, गळा सगळं शाबूत, हे लक्षण जोडणीकडे बोट दाखवतं.

तपासणी

आधी 10 नंबरच्या पान्याने बॅटरीची मायनस काढली, मग युनिट बाहेर ओढून मागचा कपलर सोडवला. स्पीकर युनिटला जोडलेले असताना मीटरचं ओहमचं माप खरं येत नाही, म्हणून हे आवश्यक.

चार ओहमच्या एका स्पीकरचं माप साध्या मल्टिमीटरवर साधारण साडेतीनच्या आसपास दिसतं, कारण मीटर फक्त कॉइलच्या तारेचा अवरोध मोजतं. इथे डाव्या बाजूच्या वायरींवर 1.8 आणि उजवीकडे 1.9 आलं. म्हणजे युनिटच्या प्रत्येक वाटेवर (चॅनेलवर) दोन स्पीकर समांतर बसलेले आणि भार, म्हणजे युनिटला दिसणारा स्पीकरचा अवरोध, चार ओहमवरून दोन ओहमवर उतरलेला. अशा युनिटच्या मॅन्युअलमध्ये स्पीकर किमान चार ओहमचा असावा असं लिहिलेलं असतं. हा अवरोध निम्मा झाला की तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट वाहतो, आणि त्याबरोबर युनिटच्या आतल्या चिपमध्ये निर्माण होणारी उष्णताही वाढते. डॅशबोर्डच्या आत वारा खेळत नाही. चिप तापून स्वतःला बंद करते, निवल्यावर परत चालू होते. पहिल्या तक्रारीचं उत्तर इथे मिळालं.

दुसऱ्या तक्रारीसाठी मीटरची एक सुई डाव्या स्पीकरच्या वायरीला आणि दुसरी गाडीच्या पत्र्याला लावली. माप काहीच आलं नाही, म्हणजे जोडणी नाही. ते तसंच हवं. मग भावाला डाव्या उंबऱ्याच्या पट्टीवर पाय द्यायला सांगितलं आणि मीटर शून्याजवळ आला. पट्टी उचलली. स्क्रूच्या टोकाखाली वायर चेपली होती, प्लास्टिक फाटून तांबं उघडं पडलं होतं आणि तिथे ओल साचून हिरवट थर धरला होता. पावसात ओले पाय पडले, पट्टी दबली की तिथे वायर थेट बॉडीला लागत होती आणि युनिट स्वतःला वाचवायला बंद होऊन 'प्रोटेक्ट' दाखवत होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण जुन्या हातांची सवय अजून गेलेली नाही. कॅसेटच्या जमान्यातल्या बऱ्याच डेकना स्पीकरची मायनस बॉडीला जोडली तरी चालायचं. आजच्या युनिटमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी चालत्या असतात. दोन्हींवर बॅटरीच्या साधारण निम्मं व्होल्टेज उभं असतं आणि गाण्याचा सिग्नल दोन्हींवर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतो. त्यातली एकही अर्थिंगची, म्हणजे बॉडीला जोडायची, वायर नाही. काळी पट्टी असलेली वायर म्हणजे मायनस, आणि मायनस म्हणजे बॉडी, असं धरून कोणी ती पत्र्याला जोडली तर युनिट प्रोटेक्टमध्ये जातं, आणि प्रोटेक्शन कच्चं असेल तर चिपच जळते.

आता मृदंग. पार्सल ट्रे खाली काढला आणि पेन्सिल सेल घेतला. स्पीकरच्या प्लस टोकाला सेलची प्लस बाजू आणि मायनसला मायनस टेकवली की पडदा क्षणभर बाहेर येतो. उलट लावली तर आत जातो. दीड व्होल्टने स्पीकरला काही होत नाही, फक्त टेकवून लगेच काढायचं. युनिटचा कपलर सुटलेलाच होता, म्हणून कपलरच्या टोकांनाच सेल लावला. भाऊ पुढच्या दाराच्या जाळीवर बोट ठेवून होता, मी मागे. पुढचा पडदा बाहेर आला, मागचा आत गेला. उजवीकडेही तसंच. त्याने गाडीच्या मूळ वायरींचे रंग बघून अंदाज बांधला होता, आणि दोन्ही बाजूंना एकाच अंदाजाने जोडल्यामुळे मागचे दोन्ही स्पीकर उलटे लागले होते.

उलट्या जोडणीने बेसच का जातो, याचं कारण लाटेच्या लांबीत आहे. 60 हर्ट्झच्या खर्जाची लाट हवेत पावणेसहा मीटर लांब असते, हॅचबॅकच्या अख्ख्या केबिनहून मोठी. पुढचा पडदा हवा ढकलत असतो त्याच क्षणी मागचा ती ओढून घेतो, आणि एवढ्या छोट्या जागेत दोन्ही परिणाम एकमेकांना बराचसा मारून टाकतात. 5000 हर्ट्झची लाट मात्र जेमतेम सात सेंटिमीटरची. तिथे डोकं जरा हललं तरी जमाखर्च बदलतो, म्हणून टाळ आणि गळा वाचतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून वादक जो खर्ज मिळवतो, तो मावशीच्या गाडीत नेमका असा मारला जात होता.

400 वॉट आणि 50 वॉट

भावाचा पुढचा प्रश्न साहजिक होता: "दादा, युनिटवर तर 50 गुणिले 4 लिहिलंय. मग दोन स्पीकरला दमलं कसं?"

हा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर करावा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. युनिटच्या आत व्होल्टेज वाढवणारी सोय नसते, त्यामुळे स्पीकरला एका वेळी त्याहून जास्त मिळूच शकत नाही. सतत पूर्ण 14.4 व्होल्ट चार ओहमवर टेकवून ठेवले तर 14.4 चा वर्ग भागिले 4, म्हणजे जवळजवळ 52 वॉट. खोक्यावरचे 50 इथून येतात. तो आकडा पूर्ण फाटलेल्या, चौकोनी झालेल्या लाटेचा आहे. स्वच्छ गोल लाट धरली तर तोच हिशेब 26 वॉटवर येतो, आणि चिपमध्ये होणारा तोटा वजा जाता प्रत्येक वाटेला अठरा ते बावीस वॉट उरतात. युनिटच्या मागे फ्यूज बघितला तर 10 अँपिअरचा होता. 10 गुणिले 14.4 म्हणजे 144 वॉट आत जाणार. त्यातून 50 गुणिले 4, म्हणजे 200 वॉट बाहेर कसे येतील?

स्पीकरवरच्या 400 चाही अर्थ असाच मर्यादित आहे. तो स्पीकर किती सहन करील याचा, तोही क्षणभराचा आकडा. त्याने आवाज मोठा होत नाही. युनिटवर चालवायचा स्पीकर निवडताना संवेदनशीलता पाहावी, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल. तीन डेसिबलचा फरक म्हणजे निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज. हा आकडा खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असतो आणि तो आधी वाचावा असं माझं ठाम मत आहे.

आता या प्रकरणातली कळीची गोष्ट. युनिट बाहेर काढलं तेव्हा मागच्या वायरींच्या जुडग्यात चार वायरी गुंडाळून, टेप मारून ठेवलेल्या दिसल्या: हिरवी, हिरवी-काळी, जांभळी, जांभळी-काळी. बाहेरून घेतलेल्या युनिटमध्ये पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची, आणि काळी पट्टी असलेली त्या जोडीतली मायनस, असा रूढ संकेत आहे. म्हणजे मागच्या दोन स्पीकरसाठी दोन स्वतंत्र वाटा पहिल्या दिवसापासून तिथेच पडून होत्या. गाडीत मागे स्पीकर नाहीत म्हणून बसवणाऱ्याने त्या बांधून ठेवल्या, आणि डॅशबोर्ड न उघडता काम केल्यामुळे भावाला त्या दिसल्याच नाहीत.

काय करायचं ठरलं

अँप्लिफायरचा पर्याय मी विचार करून बाजूला ठेवला. चार वाटांना खरे पन्नास-पन्नास वॉट देणारा अँप्लिफायर चांगल्या कार्यक्षमतेचा धरला तरी पूर्ण जोरावर अठरा-वीस अँपिअर ओढणार. त्यासाठी बॅटरीपासून जाड स्वतंत्र वायर, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून रबरी ग्रोमेट घालून आत आणायची, आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज बसवायचा. तो फ्यूज नसेल आणि वायर कुठे घासली तर गाडी पेटते, यात अतिशयोक्ती नाही. एवढा उद्योग मोठ्या आवाजासाठी करतात. मावशीला मोठा आवाज नको होता, जवळचा हवा होता.

पुढचा-मागचा स्पीकर एकापाठोपाठ एक जोडला तर भार आठ ओहम होतो आणि युनिट सुरक्षित राहतं, हे खरं. पण एकूण ताकद निम्मी होते आणि पुढचा-मागचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करता येत नाही. दोन वेगळ्या जातीचे स्पीकर असे बांधले की एकाच्या बदलत्या अवरोधाचा रंग दुसऱ्याच्या आवाजात उतरतो, तेही मला पसंत नाही. चार वाटा असताना ही तडजोड कशासाठी?

ओव्हल स्पीकर पार्सल ट्रेवर ठेवायलाही माझा विरोध होता. जड चुंबकाचे दोन स्पीकर पातळ दाबीव पुठ्ठ्यावर, तेही बसलेल्यांच्या डोक्यामागे. जोराचा ब्रेक लागला तर ते पुढे येणार, आणि मागे बसते मावशी. ते परत केले, दुकानदाराने सहा-साडेसहा इंची कोॲक्सियल (मोठ्या पडद्याच्या मधोमध छोटा ट्वीटर असलेली) जोडी बदलून दिली आणि मागच्या दारातल्या जागा वापरायच्या ठरल्या.

प्रत्यक्ष काम

मागच्या दाराला काच खालीवर करायचं हँडल होतं. त्याला बाहेरून स्क्रू दिसत नाही, आणि इथेच बरेच जण ओढाताण करून पॅड तोडतात. हँडल आणि पॅडच्या मध्ये एक जुनं फडकं घालायचं, दोन्ही टोकं धरून बूट पुसतात तसं डावीउजवीकडे ओढत वर घ्यायचं. फडक्याचा धागा आतल्या स्प्रिंगच्या क्लिपला अडकतो आणि ती टक् करून उडते. दुसरा हात वर आडवा धरायचा, नाहीतर क्लिप कुठे जाते ते सापडत नाही. मग पॅड खालच्या कडेपासून, प्लास्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप सोडवत काढायचं.

पॅडमागे पातळ प्लास्टिकचा कागद असतो, काळ्या चिकट डिंकाने लावलेला. तो फालतू समजून फाडू नये. काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी दाराच्या आतून वाहत जातं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. तो कागद आहे म्हणून ते केबिनमध्ये येत नाही. आम्ही फक्त स्पीकरच्या गोलापुरता कागद कापला, कडा पुन्हा डिंकावर दाबल्या आणि स्पीकरच्या वरच्या बाजूला पातळ रबरी शीटची पन्हळ लावली, म्हणजे पाणी चुंबकावर न पडता पुढून घसरेल. स्पीकरखालची रिंगही प्लास्टिकची घेतली. एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या दाबीव भुशाची, रिंग सर्रास मिळते, पण ठाण्याच्या पावसात ती दोन मोसमांत फुगते.

स्पीकर स्क्रूने आवळण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन पाहिली. चुंबक आणि काच यांच्यात बोटभर जागा राहिली.

वायर एक स्क्वेअर एमएमची, पूर्ण तांब्याची, बारीक तारांची घेतली. स्पीकरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पारदर्शक वायरींपैकी काही आतून ॲल्युमिनियमच्या आणि वर तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात. सोलून चाकूने खरवडलं की पांढरी चमक दिसते. दाराच्या बिजागरीजवळ रोज वाकणाऱ्या जागी त्या लवकर तुटतात. युनिटपासून मागच्या दारापर्यंत चारेक मीटर, जातायेता आठ. एवढ्या लांबीला या जाडीच्या वायरीत दीड दशांश ओहमसुद्धा जेमतेम जातो. त्याहून जाड वायर या ताकदीला लागत नाही. खांब आणि दार यांच्यातल्या रबरी नळीतूनच ती नेली, दाराच्या फटीतून उघडी सोडली नाही. उंबऱ्याखाली कंपनीच्या वायरिंगच्या जुडग्याला टायने बांधली, स्क्रूच्या वाटेपासून लांब. सीटखाली आणि खांबाच्या आसपास पिवळा कपलर किंवा पिवळं आवरण असलेलं वायरिंग दिसलं तर ते एअरबॅगचं असतं. त्याला मीटरसुद्धा लावायचा नाही.

पुढच्या वायरींचे पिळलेले जोड सोडवून, सोल्डर करून हीट श्रिंकची (गरम केल्यावर आवळून बसणारी) नळी चढवली. नुसती टेप मे महिन्यात पाघळते आणि चिकट होऊन सरकते. मागच्या स्पीकरसाठी हिरवी आणि जांभळी जोडी वापरली, आणि पॅड परत लावण्याआधी चारही पडदे सेलने एकदा तपासले. चारही बाहेर आले. प्रत्येक वाटेवर मीटरने साडेतीनच्या आसपास दाखवलं, पत्र्याशी कुठेच जोडणी नाही. मगच बॅटरी लावली.

सेटिंग

जोडणीइतकंच सेटिंगला महत्त्व आहे, आणि सगळ्यात कमी वेळ लोक तिथेच देतात. मागच्या स्पीकरला हाय पास (ठरवलेल्या आकड्याखालचा खर्ज अडवणारा फिल्टर) 100 हर्ट्झवर ठेवला, पुढच्यांना 80 वर. त्याखालचा खर्ज वाजवायचा प्रयत्न करताना छोटे पडदे नुसते हेलपाटतात आणि युनिटची मोजकी ताकद त्यात जाते. खर्ज वाढवणारं लाउडनेसचं बटण बंद केलं. फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल, पुढच्या बाजूला दोन घरं ठेवला, म्हणजे चालवणाऱ्याला आवाज समोरून आल्यासारखा वाटतो आणि मागे शब्द स्पष्ट राहतात. मग इंजिन चालू ठेवून आवाज हळूहळू वाढवत नेला. 'स'चा उच्चार खरखरीत व्हायला लागला तो आकडा पाहिला आणि त्याच्या दोन खाली कमाल मर्यादा बांधून टाकली. फाटलेल्या आवाजात उंच स्वर वाजवणारे बारीक ट्वीटर आधी जळतात, मोठे पडदे नंतर.

मावशीला मागे बसवून माजिवड्यापर्यंत जाऊन आलो. कासारवडवलीच्या पुढे, मेट्रोच्या कामाजवळ रस्ता खराब होता, तिथेच भावाने विचारलं, "आई, येतंय का ऐकू?" ती म्हणाली, "येतंय, आणि मृदंगही आला. पण ते पुढचं उजवं दार थरथरतंय." तेही खरं होतं. खर्ज परत आल्यावर पुढच्या उजव्या दारातली कुलपाची सळई पॅडला वाजायला लागली होती. तिला फोमची पट्टी गुंडाळली आणि आवाज थांबला.

युनिट आता तासाभराच्या प्रवासात कोमट होतं, बंद पडत नाही. पुढचे स्पीकर अजून कंपनीचेच, पातळ कागदी पडद्याचे आहेत. मागच्यांसमोर ते थोडे मंद वाटतात. भावाला मी सांगितलंय की यापुढे पैसे घालायचे तर आधी तिथे घाल, अँप्लिफायरचं त्यानंतर बघू. पावसाळ्यात चार-सहा मोठ्या सरी पडून गेल्यावर त्याच्याकडून मागची दोन्ही पॅडं उघडून घेतली. डावीकडे सगळं कोरडं होतं. उजवीकडे कागदाची खालची कड एका जागी सुटून क्लिपपाशी ओल दिसली. डिंक ड्रायरने जरा गरम करून कड पुन्हा दाबली, वर ब्युटाइलची (चिकट रबराची) पट्टी लावली, आणि त्यानंतरच्या पावसात तिथे पाणी आलेलं नाही.